हिवाळ्यातील ऊब : दोन हिशोब

पौषातील थंडी नाशिक, धुळे, जळगावकडे बोचू लागली की माळ्यावरचा हीटर खाली उतरतो. आजी-आजोबांच्या खोलीत, बाळंतिणीच्या खोलीत आणि सकाळी पेढीवरही त्याला जागा मिळते. मात्र ऊब घेण्यापूर्वी दोन हिशोब मांडणे हिताचे असते : एक विजेचा, दुसरा हवेचा.

विजेच्या हीटरमधील तार वीजप्रवाहाला विरोध करते आणि त्या विरोधातून उष्णता निर्माण होते. सळईचा हीटर समोर बसलेल्यास तत्काळ ऊब देतो. पंख्याचा हीटर गरम हवा खोलीभर पसरवतो. तेलाचा हीटर उशिरा तापतो, परंतु बंद केल्यावरही काही काळ उबदार राहतो. त्यातील तेल जळत नाही, केवळ उष्णता धरून ठेवते. प्रकार कोणताही असो, २००० वॅटचा हीटर पूर्ण क्षमतेने तासभर चालला की दोन युनिट वीज खर्च होते. महाग हीटर अधिक उष्णता देत नाही. खरेदी करताना पाहावे ते आयएसआय चिन्ह, थर्मोस्टॅट आणि कलंडताच आपोआप बंद होण्याची सोय.

एवढा हीटर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतो. घरातील लहान सॉकेट मात्र ६ अँपिअरचे असते. त्यामुळे १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच वापरावे; एक्स्टेंशन बोर्ड टाळावा. प्लग हाताला तापलेला लागल्यास हीटर बंद करून जाणकारास दाखवावे. पडदे, दुलई, दुकानातील कापडाचे तागे व पुठ्ठ्याची खोकी किमान तीन फूट दूर असावीत. हीटरवर ओले कपडे वाळत घालू नयेत.

दुसरा हिशोब अधिक गंभीर आहे. विजेचा हीटर खोलीतील प्राणवायू जाळत नाही. कोळशाची शेगडी व गॅसचा हीटर मात्र जाळतात. हवा अपुरी पडली की त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणूनच बाळ-बाळंतिणीच्या शेकासाठी पेटवलेली शेगडी दारे-खिडक्या लावून कधीही ठेवू नये. शेक संपताच ती बाहेर न्यावी. न्हाणीघरातील गॅस गिझरचा धोकाही हाच आहे. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे थकव्याची समजू नयेत. तत्काळ दार उघडावे, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

पेढी वाढवताना कुलूप दोनदा ओढून पाहण्याची सवय व्यापाऱ्याच्या हाताला असते. निजण्यापूर्वी हीटरचे बटण बंद असल्याची खात्री करतानाही तोच हात कामी यावा.