दोन जिवांचं ताट

आषाढात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भाताची आवणी सुरू झाली, की दोन जिवांची बाईही चिखलात उतरते. संध्याकाळी सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ती भाकरी आणि कोरड्यास तिच्या वाट्याला येतं. त्यात जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल, हा जुना समज तिचा हात आखडता ठेवतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांची पश्चिमेकडची डोंगराळ गावं अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांसाठी राज्य सरकारनं 2015 मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर बायांना आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण द्यायचं, असं तिचं रूप. ताटात भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं.

घरी न्यायला शिधा दिला तर चालणार नाही का? घरी गेलेला शिधा सगळ्यांच्या पातेल्यात पडतो. लेकरं जेवतात, सासरा जेवतो, तिच्यापर्यंत घासभर येतं. अंगणवाडीतलं गरम जेवण मात्र तिच्याच पोटात जातं. योजनेचं खरं मर्म हेच आहे.

पोट भरलं म्हणजे झालं, असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्याच सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी 1993 पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. आईला कष्टाची कामं फार पडली, तर बाळाचं वजन कमी भरतं, असंही याच अभ्यासात दिसलं. म्हणजे ताटाइतकीच विश्रांतीही गरजेची.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार गरोदरपणी रोज सुमारे 350 उष्मांक जास्त लागतात, तर अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने 600. बाळंतिणीची भूक गरोदर बाईहून मोठी असते. तिला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवणं म्हणजे बाळाचंच दूध तोडणं.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर सहा महिने मोफत आहार हा तिचा हक्क ठरवला आहे. पण अंगणवाडी गावठाणात आणि वस्ती डोंगराच्या कुशीत असेल, तर भर पावसात ओढा ओलांडून जेवायला जायचं कसं? रोजगारासाठी नारायणगावला गेलेलीचं काय? म्हणून आवणीच्या दिवसांत ताट वस्तीपर्यंत आणि मजुरीच्या दिवसांत ती असेल तिथल्या अंगणवाडीपर्यंत गेलं पाहिजे. सासूबाईंनाही एकदा तिच्यासोबत पंगतीला बसवावं. तिथं सुनेला काय वाढलं जातं आणि का, हे अंगणवाडी ताईंकडून ऐकलं, तर रात्रीच्या जेवणात तिचं पान आधी वाढलं जाईल.