ब्रेकमधील कंपन (मोटारगाडी)

ब्रेकमधील कंपन म्हणजे धावत्या मोटारगाडीचा ब्रेक दाबला असता पायाखालच्या पेडलमध्ये, सुकाणूचक्रात किंवा गाडीच्या सांगाड्यात जाणवणारी नियमित थरथर होय. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ब्रेकचे बल कमी-अधिक होत राहिल्याने हे कंपन उत्पन्न होते. डिस्क ब्रेक असलेल्या कोणत्याही वाहनात हा दोष आढळतो. मोठ्या डिस्का, अनेक दट्ट्यांचे कॅलिपर आणि ताठर निलंबन असलेल्या उच्च कामगिरीच्या मोटारींत तो अधिक स्पष्टपणे जाणवतो, कारण अशा गाड्यांत चाकापासून चालकापर्यंत कंपन शोषून घेणारे मऊ भाग कमी असतात.

गॅरेजमधील बोलीत या दोषाला सरसकट ‘डिस्क बेंड झाली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात डिस्क उष्णतेने वाकण्याचे प्रकार विरळ असतात. मूळ कारण न शोधता केवळ डिस्क बदलल्यास काही हजार किलोमीटरनंतर तेच कंपन पुन्हा सुरू होते आणि खर्च वाया जातो. क्वचित प्रसंगी ढिला झालेला चाकाचा नट किंवा झिजलेला निलंबनाचा सांधा हेही अशा थरथरीमागे असू शकतात. म्हणून दोषाचे अचूक निदान हा सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

कार्यतत्त्व

डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी घर्षणद्रव्याचे पॅड दाबतात. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी असेल तर ब्रेकचे बल स्थिर राहते. एखाद्या ठिकाणी जाडी वाढली की पॅड मागे ढकलले जातात, द्रवाचा दाब वाढतो आणि पेडल पायाला ढकलते. पातळ भाग आला की याच्या उलट घडते. जाडीत 0.01 ते 0.02 मिलिमीटर इतका फरक पडला तरी संवेदनशील गाडीत कंपन जाणवू शकते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही व बोटालाही कळत नाही.

कंपनाची वारंवारता गाडीच्या वेगावर अवलंबून असते. चाकाचा परीघ 2 मीटर धरल्यास ताशी 100 किमी वेगाला चाक सेकंदाला सुमारे 14 फेरे घेते, तर ताशी 50 किमीला सुमारे 7. डिस्कवर एकच जाड भाग असल्यास तितकेच धक्के बसतात. समोरासमोर दोन असल्यास दुप्पट. वेग उतरत जाईल तशी थरथर संथ होत गेली, तर तिचा उगम फिरणाऱ्या भागात आहे असे समजते. कुलूपरोधी ब्रेकप्रणाली (एबीएस) कार्यान्वित झाल्यावर पेडलला बसणारे जलद धक्के यापेक्षा वेगळे असून ते दोषाचे लक्षण नव्हे.

कारणे

डिस्कचा डोल : डिस्क हबवर अचूक सपाट बसली नाही तर ती फिरताना किंचित डोलते. ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा एकच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासतो व झिजतो. अशा रीतीने आजचा डोल काही हजार किलोमीटरनंतर जाडीतील तफावतीत रूपांतरित होतो. नवी डिस्क बसवल्यानंतर सुरुवातीला गाडी ठीक चालते व पुढे थरथरू लागते, त्याचे हेच कारण असते.

हबवरील गंज : हबच्या तोंडाचा व्यास 140 मिमी व डिस्कचा व्यास 350 मिमी असल्यास, हबच्या कडेशी अडकलेला 0.05 मिमी जाडीचा गंजाचा पापुद्रा डिस्कच्या कडेशी सुमारे 0.125 मिमी डोल निर्माण करतो. अनेक उत्पादक 0.05 मिमीच्या आसपासची मर्यादा घालतात.

नट असमान आवळणे : हवेच्या बंदुकीने एकामागून एक नट आवळल्यास हब व डिस्क यांवर विषम ताण येतो.

पॅडद्रव्याचा असमान थर : तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरले असता पॅडमधील द्रव्य डिस्कवर एकाच जागी चिकटते. तो भाग पुढे अधिक घर्षण करतो व अधिक तापतो. ओतीव लोखंडाचे तापमान स्थानिक पातळीवर सुमारे 650 ते 700 अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास तेथे सिमेंटाइट हे अतिशय कठीण संयुग तयार होते. कठीण भाग कमी झिजतो, त्यामुळे तफावत वाढतच जाते.

अन्य कारणे : अडकलेल्या कॅलिपरच्या सरकपिना, जाम झालेला दट्ट्या, खराब बेअरिंग व सैल बुशिंग. सैल बुशिंग स्वतः कंपन निर्माण करीत नाही, परंतु लहान कंपनाला मोठे करते.

निदान

पहिली पायरी निरीक्षणाची असते. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला थरथर होत असेल तर चाकांचा समतोल किंवा टायर तपासावा. केवळ ब्रेक दाबल्यावर सुकाणूचक्र हलत असेल तर दोष बहुधा पुढील चाकांत असतो. आसन व तळ थरथरत असतील तर मागील चाकांकडे संशय जातो. थंड ब्रेकवरही कंपन असल्यास जाडीतील तफावत संभवते. घाट उतरल्यावर किंवा वेगात लागोपाठ ब्रेक वापरल्यावरच ते येत असेल तर डिस्कवरील उष्ण ठिपके किंवा असमान थर यांचा शोध घ्यावा. अशा डिस्कवर निळसर-काळे डाग दिसतात.

हातब्रेकने मागील चाके तपासण्याची पद्धत सर्वत्र लागू पडत नाही. अनेक उच्च कामगिरीच्या गाड्यांत हातब्रेकसाठी मागील डिस्कच्या पोकळीत लहान स्वतंत्र ड्रम असतो. त्यामुळे त्या चाचणीतून डिस्कविषयी काहीच कळत नाही.

दुसरी पायरी मोजमापाची. मायक्रोमीटरने डिस्कच्या बाह्य कडेपासून सुमारे 10 मिमी आत, समान अंतरावरील 8 ठिकाणी जाडी मोजतात. त्यानंतर सर्व नट समान आवळून, डायल गेज त्याच अंतरावर टेकवून डिस्क हाताने एक पूर्ण फेरा फिरवतात. डोल मर्यादेबाहेर आढळल्यास सर्वांत उंच जागेवर खूण करून डिस्क हबवर एक-दोन छिद्रे पुढे सरकवून पुन्हा बसवतात. उंच जागा डिस्कसोबत सरकली तर दोष डिस्कमध्ये. ती हबच्या त्याच बाजूला राहिली तर दोष हबमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. ही सोपी कसोटी डिस्क अनावश्यक बदलली जाण्यापासून वाचवते.

दुरुस्ती

हबचे तोंड तारेच्या ब्रशने व पॉलिश कागदाने धातू दिसेपर्यंत स्वच्छ करतात. डिस्क बसवून नट ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत टप्प्याटप्प्याने आवळतात. सरकपिना स्वच्छ करून ब्रेकसाठीचेच वंगण लावतात.

तफावत थोडी असून डिस्कची जाडी शिल्लक असल्यास ती लेथवर, शक्यतो गाडीवरच बसवलेल्या स्थितीत, तासून घेता येते. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती जाता कामा नये. सिमेंटाइट खोलवर तयार झाले असल्यास तासूनही कठीण ठिपके उरतात व दोष परततो. तेथे डिस्क बदलणेच योग्य. डिस्का एका आसाच्या दोन्ही बाजूंना जोडीने व नव्या पॅडसह बदलाव्यात. कार्बन-सिरॅमिक डिस्का लेथवर तासता येत नाहीत. त्यांची झीज उत्पादकाच्या पद्धतीनुसार वजनावरून व पृष्ठभागाच्या तपासणीवरून ठरवतात.

नव्या पॅडची ‘बसवणी’ ही दुरुस्तीची अखेरची पायरी आहे. मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगापासून संथ वेगापर्यंत गाडी अनेकदा हळू आणायची, मात्र पूर्ण थांबवायची नाही, आणि नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्का थंड होऊ द्यायच्या. यामुळे पॅडद्रव्याचा पातळ व एकसारखा थर डिस्कवर बसतो. नेमकी पद्धत पॅडच्या उत्पादकाने दिलेली असते.

सिंधुदुर्ग किनारपट्टीवरील परिस्थिती

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात या दोषाची दोन प्रमुख कारणे एकत्र येतात: खारी दमट हवा आणि सह्याद्रीचे घाट. मालवण, देवगड, वेंगुर्ला या किनारी तालुक्यांत समुद्राच्या वाऱ्यासोबत मिठाचे कण येतात. ओतीव लोखंडाची डिस्क एका रात्रीतही तांबूस होते. हा वरवरचा गंज पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो व निरुपद्रवी असतो. मात्र जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर पॅडच्या खालील भाग व उघडा भाग असमान गंजतात आणि डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. मुंबई-पुण्याहून गणेशचतुर्थीला गावी येणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या किंवा वर्षातून मोजकेच दिवस वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत अशा ठशांची शक्यता अधिक असते.

जिल्ह्यातून देशावर जाण्यासाठी आंबोली, फोंडा, करूळ व भुईबावडा हे घाट आहेत. 1,700 किलो वजनाची गाडी 600 मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे 1 कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. हीच गाडी ताशी 100 किमी वेगावरून एकदा पूर्ण थांबवण्यास सुमारे साडेसहा लाख ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. म्हणजे असा उतार हा लागोपाठ 15 वेळा गाडी थांबवण्याच्या बरोबरीचा ठरतो. हवेचा रोध व इंजिन यातील काही वाटा उचलतात. चालकाने खालचा गिअर न वापरल्यास उरलेली सर्व उष्णता डिस्कांत जाते. घाट उतरून धबधब्यापाशी किंवा चहासाठी लगेच थांबल्यावर पेडल दाबून ठेवणे हे पॅडचा थर एका जागी चिकटण्याचे नेहमीचे निमित्त होय.

प्रतिबंधक काळजी

घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरावा. ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ नेमका दाबून सोडावा. उतार संपल्यावर काही अंतर ब्रेक न वापरता गाडी चालवावी. किनाऱ्यावर दीर्घकाळ ठेवायची गाडी छपराखाली ठेवून अधूनमधून फिरवून आणावी. गाडी धुतल्यावर लगेच उभी न करता थोडी चालवून डिस्का कोरड्या कराव्यात. ब्रेकद्रव हवेतील बाष्प शोषून घेतो; डॉट 4 प्रकाराचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत 230, तर बाष्प शोषल्यावर 155 अंश सेल्सिअस असतो. द्रव जुना झाल्याने कंपन येत नाही, पण घाटात पेडल मऊ पडण्याचा धोका वाढतो. म्हणून तो उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा.

कंपन एकाएकी सुरू झाले, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा चाकातून खडखडाट ऐकू आला, तर गाडी त्वरित सुरक्षित जागी उभी करून चाकांचे नट तपासावेत. कारण स्पष्ट होईपर्यंत अशी गाडी घाटात नेऊ नये.

हे सुद्धा पहा

डिस्क ब्रेक
कुलूपरोधी ब्रेकप्रणाली
आंबोली घाट