टेकडीची वाट आणि नकाशावरची तुटक रेघ

परभणी जिल्हा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळी सपाट जमीन येते. ज्वारी, कापूस, आणि या सगळ्यातून सरळ गेलेली मनमाड–काचीगुडा रेल्वे. हे चित्र खोटे नाही, पण ते गाडीच्या खिडकीतून दिसणारे आहे. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात, दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूने बालाघाटाची टोके येतात. या टेकड्या उंच नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही त्या चढता येतात.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. दुकानात हिशेब लिहिणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. रविवारी मोकळा वेळ असे, म्हणून चालू लागलो आणि चालताना पडलेल्या प्रश्नांसाठी पुस्तके शोधू लागलो. पहिला प्रश्न अगदी साधा होता. देऊळ, बारव, लेणे ही नेमकी याच जागी का?

जमीन काय सांगते

या भागाचा खडक बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थर आडवे, म्हणून टेकड्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यांसारखे. माथ्यावर उघडा खडक, उतारावर मुरूम, तळाशी वाहून आलेली काळी माती. तासाभराच्या चालीत ही तिन्ही पायांखालून जातात. माळावर जनावरे चरतात, सीताफळ आणि पळस वाढतात. काळीत कापूस आणि तूर. दिवाळीनंतर निघालात तर वर गवत पिवळे पडू लागलेले असते आणि खाली ज्वारीचे कोंब हिरवे असतात.

पाण्याचेही तसेच. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते थरांमधल्या सच्छिद्र, कुजलेल्या पट्ट्यांतून आणि भेगांतून सरकते. विहीर खणणाऱ्याला तो पट्टा गाठावा लागतो. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, म्हणून पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या हव्यात. त्यातून बारव घडते. सेलू तालुक्यातील वालूरची बारव याचा वेगळाच नमुना आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत, शंखाच्या वेटोळ्यासारख्या खाली जातात. बरीच वर्षे ती माती-कचऱ्याने बुजलेली होती. २०२१ मध्ये गावकऱ्यांनी ती उपसून मोकळी केली.

जिंतूरजवळचे नेमगिरी हे दुसरे उदाहरण. शहरापासून सुमारे तीन किलोमीटरवर टेकडीत छोटी जैन लेणी आहेत. दारे इतकी बुटकी की आत जाताना वाकावेच लागते, आणि आत मात्र तीर्थंकरांच्या मोठ्या मूर्ती. पार्श्वनाथांची मूर्ती लहानशा दगडी आधारावर तोललेली आहे. जमिनीपासून अधांतरी असल्याचा भास होतो. गाडीने थेट पायथ्याशी गेलात तर लेणी दिसतील, पण शहराकडून चालत या. टेकडी हळूहळू जवळ येते, बाजाराचा आवाज मागे पडतो आणि ही जागा वस्तीपासून दूर, पण भिक्षेला जाऊन परत येता येईल इतकी जवळ आहे, हे पायांना कळते.

जिंतूरहून मंठ्याकडे जाताना चारठाणा लागते. हे गावच मुळी देवळांचे. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, जोड महादेव, नृसिंहतीर्थ, खुराची आई आणि एक उंच कोरीव स्तंभ; हे सारे गावात आणि शिवारात विखुरलेले आहे. एका जागेवरून दुसरी दिसत नाही. त्यांना जोडते ती गल्ली, बोळ आणि शेताकडेची पायवाट. वास्तूंची यादी करणारे बहुतेक जण ही जोडणी सोडून देतात.

चालत केलेली नोंद

आपल्या भाषेत ही जोडणी टिपण्याची जुनी परंपरा आहे. महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. श्रीचक्रधरांनी जिथे मुक्काम केला, बसले, जेवले त्या जागा गावाच्या कोणत्या दिशेला आहेत, देवळाचे दार कुठे तोंड करून आहे, हे तिच्यात नोंदले आहे. त्याहून मागे गेलो तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तेर दहा दिवसांवर असल्याचे सांगतो. अंतराचे माप दिवस होते. आजही शेगावची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते तेव्हा वारकरी मुक्काम मोजतात, किलोमीटर नव्हे.

तुटक रेघ

गावाच्या महसुली नकाशावर पायवाट एका तुटक रेघेने आणि गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवलेली असते. काही वर्षांपूर्वी अशा नकाशाची झेरॉक्स घेऊन मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावाहून जुन्या बारवेकडे निघालो. रेघ नकाशावर पुढे जात होती. मी मात्र तुरीत उभा होतो. शेताचे मालक बांधावरून आले.

“कुठं निघाले, सर?”

मी नकाशा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“वाट होती. आमची आई ह्याच वाटंनं बाजाराला जायची. डांबरी झाली, जीपा आल्या, मग कोण चालतंय? चार वर्षं कुणी आलं नाही, मग नांगर घातला.”

“मामा, मग बारवेला जायचं कसं?”

“माझ्या बांधावरून जा की. माणसाला कोण अडवतंय?”

मी गेलो, बारव पाहिली आणि परतल्यावर उत्साहाने त्या वाटेवर एक टिपण लिहून ओळखीच्यांत वाटले. ते हातोहात पसरले. त्या हिवाळ्यात मोटारसायकलींवरून एक टोळके आले आणि मामांच्या हरभऱ्यातून गाड्या घालून गेले. मामांचा फोन आला. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही चालत आला होता.” ती बारव कोणत्या गावची, हे मी या लेखात म्हणूनच लिहिलेले नाही.

कायदा या बाबतीत काय सांगतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते आणि वाटा शासनाच्या मालकीच्या. कलम १४३ नुसार शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल तर तहसीलदार निर्णय देतात. चालू वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजनाही सुरू झाली. या बहुतेक तरतुदींच्या केंद्रस्थानी बैलगाडी, ट्रॅक्टर आणि माल आहे, आणि ते योग्यही आहे. ऊस-सोयाबीन बांधावर कुजणाऱ्यासाठी रस्ता ही चैन नव्हे. पण केवळ पायी जाणाऱ्याची एकेरी रेघ कुणाच्या फायद्याची नसते, म्हणून तिच्यासाठी कुणी भांडत नाही.

इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने जिल्हा परिषदांवर पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी टाकली. तिथे शेत खासगी असले तरी त्यातून जाणारी नोंदलेली वाट सर्वांची. नांगरली तर पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. तो कायदा जसाच्या तसा इथे उचलावा असे मी म्हणणार नाही. इथे दोन-तीन एकरांचे तुकडे आहेत, आणि वाटेची चार फूट पट्टीही कुणाच्या तरी घासातून जाते. पण नोंद करायला कुणाचे काही जात नाही. ग्रामसभेने गावच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन एकदा शिवार फिरावे, नकाशावरची कोणती रेघ चालू आहे, कोणती मोडली, कोणती कुठे नेत होती, एवढे लिहून ठेवावे. आमच्या ओळखीच्या दोन गावांत शाळेच्या मुलांबरोबर आम्ही हे सुरू केले आहे. मुले आजीला विचारतात आणि आजी बोट दाखवते.

वाचकांपैकी कुणी या बाजूला आलेच तर नेमगिरी, चारठाणा, वालूर ही तिन्ही ठिकाणे उघडी आहेत. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या, पेरलेल्या रानात पाय घालू नका. बांधावर माणूस दिसला तर आधी रामराम करा आणि वाट विचारा, माहीत असली तरी.

मामांच्या रानात मी गेल्या मार्गशीर्षात पुन्हा गेलो होतो. हरभरा चांगला होता. बांधाच्या कडेने त्यांनी हातभर पट्टी न नांगरता सोडली होती.