पगार सोडून नक्षीकामाकडे : एका भाच्याचा राजीनामा

गेल्या वर्षी ईदनंतरच्या आठवड्यात मालेगावहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, तुमच्या भाच्याला समजवा. त्याने राजीनामा लिहून ठेवला आहे." एवढे बोलून ती रडू लागली.

भाचा सत्तावीस वर्षांचा. बी.कॉम. होऊन नाशिकला एका विमा कंपनीच्या कार्यालयात लागलेला. महिना ३१ हजार पगार, प्रॉव्हिडंट फंड, रविवारची सुट्टी. आणि रात्री एक एक वाजेपर्यंत संगणकावर साड्यांच्या नक्ष्या काढण्याचा नाद. हा नाद आता त्याला पूर्णवेळ करायचा होता.

आपल्या घरांत टेबल-खुर्चीची नोकरी म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बापाची उमर यंत्रमागावर उभे राहण्यात गेलेली असते, कानात खडखड कायमची बसलेली असते. त्याचा मुलगा पंख्याखाली बसून सही करू लागला की मोहल्ल्यात घराचे वजन वाढते, बहिणींना येणारी स्थळे बदलतात. अशी नोकरी सोडतो म्हणणारा मुलगा एकट्याची नोकरी सोडत नसतो. माझ्या मेहुण्याने तर दोन दिवस मुलाशी बोलणेच टाकले.

समजावण्याचे काम माझ्याकडे आले, कारण हाच उद्योग मी १९९७ साली करून बसलो होतो.

त्या वेळी मी मुंबईत फोर्टमधल्या एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. उर्दू शाळेत बोरूने तख्तीवर खुशखती गिरवून हात बसला होता, त्यातूनच पुढे बुट्टे आणि वेलबुट्टी काढण्याची आवड लागली. एके दिवशी रजेवरून साहेबांशी खटका उडाला आणि मी रागाच्या भरात राजीनामा दिला. जवळ दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे होते. ड्रॉइंग शीट, पोस्टर कलर आणि दोन नंबरचा ब्रश घेऊन मी डिझायनर झालो!

रोज सकाळी कागदांची गुंडाळी काखेत मारून मुळजी जेठा मार्केटमध्ये फिरायचे. पेढीवरचे शेठ गादीवर कागद पसरत, मान हलवत आणि म्हणत, "पाच ठेवून जा, प्रोसेसवाल्याला दाखवतो." आठवड्याने गेलो की तीन कागद परत मिळत, चुरगळलेले. दोन घेतले जात, प्रत्येकी दीडशे रुपये. पावती नाही, बिल नाही, कसलीही लेखी बात नाही. परत आलेल्या तीन कागदांचे मधल्या आठवड्यात काय झाले, हे मला चार महिन्यांनी भुलेश्वरला कळले. माझी कैरी, माझाच वळलेला देठ, एका दुकानात थानावर छापलेला होता. ज्या पेढीने तो कागद नापसंत म्हणून परत केला होता, तिचाच तो माल.

वकिलाकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, "तुमच्याकडे कागद काय आहे?" माझ्याकडे फक्त तो चुरगळलेला कागद होता.

चार वर्षे असा रेटत राहिलो. मग मोठ्या भावाच्या पेढीवर दलालीला बसलो आणि हळूहळू व्यापारी झालो. लोक समजतात, माझी कला कमी पडली. कमी पडले ते व्यवहाराचे ज्ञान.

भाचा मुंबईला आला तेव्हा मी त्याला रागावलो नाही. आधी काम पाहिले. काम चांगले होते. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर असतो, तेव्हा नक्षीचा रिपीट त्यात पुरा किंवा समान भागांत बसला पाहिजे, हे त्याला माहीत होते. पदर आणि काठ यांचा मेळ त्याला समजत होता. एका नक्षीच्या सहा सहा मॅचिंग त्याने काढल्या होत्या. हल्ली संगणकाला सांगितले की तो मिनिटात शंभर बुट्टे काढून देतो, हे खरे. पण गेल्या हंगामात आमच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने तसा फुकटचा बुट्टा थेट छपाईला दिला, तर प्रत्येक जोडावर कैरीचे शेपूट तुटलेले निघाले. समजणाऱ्या माणसाची गरज अजून संपलेली नाही.

मग मी हिशेब विचारला. वर्षभरात त्याने अकरा नक्ष्या दिल्या होत्या, पैसे सातांचे आले होते. बिल एकाचेही नव्हते. सत्तावीस वर्षांत बाजार इतका बदलला, पण ही चाल जशीच्या तशी!

बोलता बोलता तो म्हणाला, "मामू, हसरत जयपुरी बसचे कंडक्टर होते. शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी नोकरी धरून ठेवली असती तर?"

उदाहरण बरोबर होते, पण अर्धेच. दोघेही १९४९ च्या 'बरसात' पासून चित्रपटात आले. शैलेंद्रांनी तर राज कपूर यांना पहिल्यांदा नकार दिला होता. पुढे घरात पैशाची अडचण आली तेव्हा ते स्वतः त्यांच्याकडे गेले. गीतकार म्हणून दोघांचेही नाव झाले. पुढे हसरत साहेबांनी कमाईतून जागा घेऊन भाड्याचे उत्पन्न उभे केले, त्यामुळे काम कमी झाले तरी घर चालत राहिले. शैलेंद्रांनी 'तिसरी कसम' च्या निर्मितीत पैसा घातला. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, पण कर्ज अंगावर आले आणि डिसेंबर १९६६ मध्ये ते गेले. दोघांच्या लेखणीत कोण कमी, कोण जास्त, हे मी कोण सांगणार? फरक पैसा कुठे ठेवला याचा होता.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. गीतकारांना आज कायद्याचा आधार आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला. त्यानंतर चित्रपटातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला हिस्सा गीतकाराला लिहून देऊनही सोडता येत नाही. कापडावरच्या नक्षीला असे काही नाही. उलट कॉपीराइट कायद्याचे कलम १५ असे आहे की, जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त वेळा उतरली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास म्हणजे किती? एका सकाळचे काम. एक्कावन्नावी साडी टेबलावरून उतरली की नक्षी सर्वांची.

म्हणून नोंदणी. डिझाइन कायदा २००० चा आहे, तो २००१ पासून लागू झाला. व्यक्तीने अर्ज केल्यास फी एक हजार रुपये, हक्क दहा वर्षांचा आणि पुढे पाच वर्षे वाढवून मिळतो. अट मोठी आहे ती ही, की नक्षी बाजारात दिसण्यापूर्वी अर्ज गेला पाहिजे. आधी दाखवली, मग नोंदवू म्हटले तर उपयोग नाही. आणि एखाद्याने पैसे देऊन आपल्यासाठी म्हणून करून घेतलेली नक्षी कायद्याने त्याचीच धरली जाते, तेव्हा काय विकतो आहोत हे बिलावर लिहिलेले बरे. नक्कल करणाऱ्याकडून या कायद्याने ठरावीक रक्कम मिळते, ती एका नक्षीमागे एकूण ५० हजारांच्या वर जात नाही. एवढ्यासाठी कोणी वर्षानुवर्षे कोर्टात जात नाही, हे मलाही कळते. पण कागदाच्या कोपऱ्यात नोंदणी क्रमांक दिसला की शेठचा हात ट्रेसिंगवाल्याकडे जाताना अडखळतो. सगळ्या नक्ष्या नोंदवणे परवडणार नाही. जी हजारो नगांत चालेल असे वाटते, तेवढी नोंदवावी.

राजीनाम्याचे काय? नोकरीला त्याची चार वर्षे दोन महिने झाले होते. कायम नोकरीत पाच वर्षे पुरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो : दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. त्याचे मूळ वेतन १८ हजार, म्हणजे पाच वर्षांचे सुमारे ५२ हजार होतात. दहा महिन्यांसाठी एवढी रक्कम कोण सोडतो? कलावंत सोडतो, कारण त्याला घाई असते. मी त्याला म्हटले, "दहा महिने रात्री काम कर, पण दुकानदारासारखे कर." बहिणीच्या लग्नाचा त्याचा वाटा याच काळात बाजूला काढायचा, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकायचा, प्रॉव्हिडंट फंडाला हात लावायचा नाही. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामासाठी लेखी परवानगी लागेल असे होते; ती त्याने मागितली आणि मॅनेजरने दिलीही. मग उद्यम नोंदणी केली. तिला फी नाही.

उद्यम नोंदणी का, तेही सांगतो. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणी असलेल्या छोट्या माणसाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नक्षी काढणे ही सेवा आहे, तिलाही हे लागू आहे.

इथे व्यापारी बंधूंशी दोन शब्द बोलायचे आहेत आणि ते मला जड जात आहेत. भुलेश्वरच्या त्या थानाची गोष्ट मी वीस वर्षे लोकांना सांगत आलो. पण पेढीवर बसल्यावर सुरतेहून आलेल्या साडीचा तुकडा कापून मीही ट्रेसिंगला पाठवला आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. "पाच ठेवून जा" हे शब्द माझ्याही तोंडून गेले आहेत. सुताचे पैसे आपण देतो, कारण नाही दिले तर सूत येत नाही. रंगाचे देतो, वाहतुकीचे देतो. नक्षीचे देत नाही, कारण ती एकदा डोळ्यांखालून गेली की आपल्याकडे राहते. मग आपणच तक्रार करतो की आपली मुले या धंद्यात येत नाहीत, सगळा माल एकसारखा दिसतो आणि गिऱ्हाईक भावावर येते. माझ्या बहिणीला भीती वाटत होती ती मुलाच्या हुनराची नव्हती. ती यंत्रमागवाल्याची बायको आहे. माल उचलणारे पैसे कधी देतात हे तिने पुरी जिंदगी पाहिले आहे.

राजीनामा अजून तिच्या पेटीत आहे, तारीख घालायची बाकी. पुढच्या महिन्यात पाच वर्षे पुरी होतात. मेहुणे बोलू लागले आहेत, तूर्त फक्त कामापुरते.

मागच्या पंधरवड्यात भाचा माझ्या पेढीवर आला. मी त्याच्याकडून पदराच्या दोन नक्ष्या घेतल्या होत्या. त्याने बिल समोर ठेवले, नंबर एक. रक्कम ९ हजार, खाली उद्यमचा क्रमांक, आणि एका ओळीत लिहिलेले की मॅचिंगमध्ये दोनपेक्षा जास्त बदल केल्यास वेगळा आकार पडेल. मी चष्मा लावून वाचले आणि सवयीने म्हणालो, "ठेव, नव्वद दिवसांनी घेऊन जा."

तो उठला नाही. म्हणाला, "मामू, करार लेखी नाही. पंधरा दिवस झाले."

मुनीमजी खाली पाहून हसत होते. मी चेकबुक मागवले.