दुसऱ्यांदा चालवा, काहीच होणार नाही!

समजा, तुमच्याकडे पाचशे सर्व्हर आहेत आणि त्या सगळ्यांवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये भगदाड सापडलं. एप्रिल 2014 मध्ये खरंच असं झालं. ओपनएसएसएल या सुरक्षेसाठीच वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला आणि जगभरातल्या सर्व्हरची तातडीने दुरुस्ती करावी लागली. आता एकेका मशीनवर लॉगिन करून त्याच त्या कमांड किती वेळा टाइप करणार? आणि एखादं मशीन राहून गेलं तर?

इथे अन्सिबल कामी येतं. मायकेल डीहान यांनी 2012 मध्ये आणलेल्या या साधनाला तुम्ही दोन गोष्टी देता: सर्व्हरची यादी आणि ‘प्लेबुक’ नावाची साधी मजकुराची फाइल. पण या फाइलमध्ये काय लिहायचं? काय करा हे नाही, शेवटी काय असायला हवं ते! ओपनएसएसएलची ताजी आवृत्ती असावी, वेबसर्व्हर चालू असावा, बस्स.

रिक्षावाल्याला ‘डावीकडे, मग उजवीकडे’ असं सांगितलं, तर निघायची जागा बदलताच सगळं चुकतं. ‘स्टेशन’ म्हटलं की कुठूनही पोहोचता येतं. आणि तुम्ही स्टेशनवरच उभे असाल तर? रिक्षा हलतच नाही! नीट लिहिलेलं प्लेबुक दुसऱ्यांदा चालवलं की अगदी हेच होतं. प्रत्येक सर्व्हर तपासला जातो, सगळं जागेवर आहे असं दिसतं आणि कशालाही हात लागत नाही.

याहून नवल म्हणजे, त्या सर्व्हरवर अन्सिबल बसवावंही लागत नाही. दुरून लॉगिन करण्याच्या नेहमीच्या एसएसएच जोडणीवरून पायथॉनचा छोटासा प्रोग्रॅम तिथे जातो, काम करतो, अहवाल पाठवतो आणि मागे राहत नाही.

नुसतं अपडेट करूनही भागत नाही, कारण चालू असलेला वेबसर्व्हर जुनंच ओपनएसएसएल मेमरीत धरून बसतो. त्यासाठी प्लेबुकमध्ये ‘हँडलर’ असतो. खरोखर काही बदललं असेल तरच तो वेबसर्व्हर पुन्हा सुरू करतो, तेही एकदाच. शिवाय ‘थोडी थोडी मशीन घ्या’ असं सांगता येतं, म्हणजे दुरुस्ती चालू असतानाही वेबसाइट चालू राहते.

‘शेवटी काय हवं तेवढं सांगा’ या विचाराचं मूळ कुठे आहे? भौतिकशास्त्रात वाढलेल्या एका माणसाकडे! मार्क बर्जेस यांनी 1993 मध्ये ऑस्लोत सीएफइंजिन हे असंच साधन लिहिलं. मशीन कुठल्याही अवस्थेत असो, वारंवार तपासून ते ठरलेल्या स्थितीकडेच सरकत राहावं, ही त्यांची कल्पना. त्याच वाटेवरची साधनं पुढे येत गेली: 2005 मध्ये पपेट, मग शेफ, मग अन्सिबल.

तुमच्या संगणकावर एक आभासी मशीन उभं करा आणि छोटंसं प्लेबुक दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी ‘बदल: शून्य’ असा निकाल आला, की तुमचं प्लेबुक या कसोटीला उतरलं असं समजा.