भिंत एक, हात अनेक

शिकागो, १९६७ : कृष्णवर्णीय चित्रकारांनी एका जुन्या इमारतीवर आपल्या समाजातील कर्तबगार माणसे रंगवली. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ या भिंतीपासून अमेरिकेत लोकसहभागाच्या भित्तिचित्रांची चळवळ फोफावली.

लॉस एंजेलिस : ज्युडी बाका यांनी निरनिराळ्या वंशांच्या ४०० हून अधिक मुलामुलींकडून सुमारे ८४० मीटर लांबीची ‘ग्रेट वॉल’ रंगवून घेतली. पाठ्यपुस्तकांनी वगळलेला इतिहास तिथे चितारला आहे.

भारत : २०१६ मध्ये बंगळूरुत सुरू झालेल्या ‘अरावनी आर्ट प्रोजेक्ट’मध्ये तृतीयपंथी स्त्रिया इतरांसोबत शहरांच्या भिंती रंगवतात.

आपला वारसा : वारली लग्नघरात सुवासिनी मिळून गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ हे विधिचित्र लिहितात. ही कला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

कळवणमध्ये अशी भिंत का? : हा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात मोडतो. कोकणा, भिल्ल आणि बिगरआदिवासी कुटुंबे इथे शेजारी राहतात. तरीही आदिवासी मुलांना बोली आणि राहणीवरून हिणवले जाते, हे आपण सगळेच जाणतो.

हे पाळा : विषय गावाने एकत्र बसून ठरवावा. ज्यांची गोष्ट, त्यांचा शब्द अखेरचा असावा. चित्रकाराने वाट दाखवावी, कुंचला सर्वांच्या हाती द्यावा. आदिवासी कलाकाराला पूर्ण मानधन आणि भिंतीवर नाव मिळावे.

नुसत्या रंगाने भेदभाव मिटत नाही. पण एकत्र काम करताना बोलणे सुरू होते. तुमच्या शाळेची भिंत त्यासाठी मोकळी करा.