राजीनाम्याची दुसरी प्रत

वर्धा जिल्ह्यातल्या नोकरकायद्यांवर लिहिणारे हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांपासून सुरुवात करतात. ते योग्यच, पण मला शाळेपासून सुरुवात करायची आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात शिक्षण परिषद भरली. गांधीजींची तिथली मांडणी अशी की मुलांच्या हस्तोद्योगातूनच शिक्षकाचा पगार निघावा. परिषदेविषयी लिहिताना सगळे टकळीवर थांबतात. मास्तरला पगार कोण आणि कशातून देणार, हा प्रश्नही त्याच मंडपात उघडपणे विचारला गेला होता. पुढे हस्तोद्योगातून शिकवण्याची ही ‘नई तालीम’ मागे पडली, पण प्रश्न उरला.

गिरण्या, जिनिंग-प्रेसिंगमधले हंगामी मजूर, पीएफ, ईएसआय हा भाग थोडक्यात उरकतो, त्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. दुकानांचा गुमास्ता परवाना २०१७च्या कायद्याने सैल झाला. त्याच्या मूळ तरतुदीत दहापेक्षा कमी माणसं असली की नुसती सूचना दिली तरी भागत असे.

शाळेतला माणूस मात्र या सगळ्या कायद्यांच्या कडेला उभा होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरू पाणीपुरवठ्याच्या खटल्यात उद्योगाची व्याख्या एवढी रुंदावली की शाळाही तिच्यात आली. दहा वर्षांनी, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने सांगितलं की शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नाही. म्हणजे कामगार न्यायालयाचं दार शिपायाला आणि कारकुनाला उघडं, शिक्षकाला बंद.

महाराष्ट्रातल्या शिक्षकाला त्याचा फार फटका बसला नाही, कारण आपल्याकडे १९७७चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा होता. तो १५ जुलै १९८१ला नियमावलीसह लागू झाला. माझं आयुष्य या कायद्यासोबत गेलं. त्यातलं सातवं कलम मला सर्वांत प्रिय आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. हे एवढं तपशिलात का लिहावं लागलं, ते त्या काळी नोकरीला लागलेल्यांना विचारा. रुजू होतानाच बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेणाऱ्या संस्था आमच्या भागातही होत्या. पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा, हेही मी पाहिलं आहे. हेडमास्तरच्या खोलीत काढून घेतलेल्या कागदाला सातव्या कलमाने किंमत ठेवली नाही.

छत्तिसाव्या नियमातली चौकशी समितीही तशीच. तिच्यात एक सदस्य संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. मालकाने एकट्याने बसून माणसाला घरी पाठवायचं, ही पद्धत त्यामुळे मोडली. सेवाज्येष्ठता यादी सर्वांना दाखवून पोचीच्या सह्या घ्यायच्या, हा बारावा नियमही त्याच जातीचा. आम्ही संघटनेचे लोक गावोगाव जाऊन शिक्षकांना हेच सांगत असू: यादी वाचा, हरकत असेल तर लेखी द्या, पोच घ्या.

या कायद्याने आळशी मास्तर पोसले, असं म्हणणारे विद्वान आजही भेटतात. मला ते साफ अमान्य आहे. चौकशी करून दोषी ठरलेल्याला काढायला कायद्याने कधीच मनाई केली नाही. चौकशीशिवाय काढायला मनाई केली, आणि टोचतं तेच.

खरी घसरण २००० नंतरची. शिक्षणसेवक योजनेने तीन वर्षं मानधनावर काढायला लावली. ‘कायम विनाअनुदानित’ शाळा निघाल्या. त्यातला ‘कायम’ शब्द २००९ साली गेला, पण अनुदानाचा पहिला वीस टक्क्यांचा टप्पा यायला पुढे कित्येक वर्षं लागली. तोवर शिकवणी घेऊन, शेती करून घर चालवणारे बी.एड.धारक मी आर्वी-कारंजा भागात पाहिले. शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन ‘शालार्थ’ प्रणाली पगार पारदर्शक करणार होती. २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण बाहेर आलं. खोटा माणूस पगार उचलतो आणि खरा मान्यतेच्या फाइलीमागे फिरतो, याची मला चीड येते.

२१ नोव्हेंबर २०२५ला चार श्रमसंहिता लागू झाल्या. प्रत्येकाला नेमणूकपत्र, ही त्यातली मोठी तरतूद म्हणून गाजली. खाजगी शाळांच्या नियमावलीत नेमणूक आदेशाचा नमुना १९८१ पासून छापलेला आहे. तरी जिल्ह्यातल्या कितीतरी विनाअनुदानित इंग्रजी शाळांत शिकवणाऱ्या मुली जूनमध्ये तोंडी शब्दावर रुजू होतात आणि एप्रिलमध्ये तोंडीच घरी जातात. खाजगी शाळांचा कायदा आपल्यालाही लागू आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. आमच्या संघटना वेतन आयोगाच्या थकबाकीत गुंतलेल्या. नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला मुदत ३० दिवसांची. नेमणुकीचा कागद नसलेल्या मुलीचे त्यातले निम्मे दिवस आपण तिथे नोकरीला होतो याचा पुरावा गोळा करण्यातच जातात: हजेरीपटाचा मोबाइलवर काढलेला फोटो, स्नेहसंमेलनाची पत्रिका, बँकेच्या पासबुकातली एखादी नोंद. अशी पिशवी घेऊन आलेल्या मुलींचे अर्ज मी अजूनही लिहून देतो.